संत्र्याचा कंटेनर घेऊन बंदरात गेलो त्याचा रिव्ह्यू: गेटच्या आत साडेचार स्टार, गेटच्या बाहेर दीड

लोकं मोबाईलचा रिव्ह्यू टाकतात, मिक्सरचा टाकतात, ढाब्यावरच्या शेवभाजीचा टाकतात, मी बंदराचा टाकून राहिलो. हसू नका. वरुड तालुक्यातला आमचा अकरा शेतकऱ्यांचा ग्रुप आहे, या फेब्रुवारीत मृग बहाराचा (पावसाळ्यात फुलणाऱ्या पिकाचा) पहिला चाळीस फुटी रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर आम्ही दुबईला पाठवला, आणि मी ट्रेलरसोबत गेलो कारण माल आपला, कर्ज आपलं आणि झोपही आपलीच उडालेली. आजवर कसं होतं, व्यापारी बागेत यायचा, चार झाडं हलवून बघायचा, सौदा करायचा, गाडी भरून बांगलादेशकडं निघून जायची, पुढं त्या संत्र्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच नसायचं. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत वाढवत असं नेलं की तो रस्ता आखडला, म्हणून हा समुद्राचा नाद.

बंदर कोणतं, टर्मिनल कोणतं, गाडीवाली कंपनी कोणती, हे लिहिणार नाही. ज्या सीएचएच्या पोरानं (कस्टमचे कागद करून देणारा) मला एक दिवसाचा पास मिळवून दिला त्याची रोजी तिथंच आहे. ज्यांना पाठवायचं आहे त्यांनी फोन करा, तोंडी सांगतो.

सुरुवात आपल्या घरापासून करतो, नाहीतर म्हणाल बंदराला नावं ठेवतो आणि स्वतःचं झाकतो. रीफर म्हणजे चाकावरचा फ्रिज असं आपल्याकडं सगळे समजतात, मीही समजत होतो. तसं नाही. रीफर माल थंड करत नाही, आधीच थंड केलेला माल थंड ठेवतो, एवढंच त्याचं काम. म्हणजे संत्रं आधी आपल्या पॅकहाऊसच्या (फळं निवडून पेट्या भरायची जागा) प्री-कूलिंगच्या खोलीत थंड करून घ्यायला पाहिजे, आमचा सेट पॉइंट (ठरवलेलं तापमान) पाच डिग्री होता. आता पॅकहाऊस गावाच्या कडेला, थ्री फेज कधी येते कधी जाते, आली तरी व्होल्टेज असं की मोटर नुसती गुरगुरते. भरायच्या दिवशी दुपारी तीन तास लाईन गेली. आमचं जनरेटर खोलीला पुरेल इतकं मोठं नाही. पेट्या अकरा डिग्रीवर गेल्या आणि तशाच भराव्या लागल्या, कारण जहाजाचं कट-ऑफ (माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ) कुणाच्या लाईनसाठी थांबत नाही. आतल्या एका पेटीत तापमान लिहीत जाणारा डेटा लॉगर टाकला होता, त्याचं पुढं सांगतो.

एक बारीक गोष्ट पण लय आवडलेली. कंटेनरवर नंबर असतो ना, चार अक्षरं, मग सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एक आकडा, त्या चौकटीतल्या आकड्याचं मला आयुष्यात कधी कुतूहल वाटलं नव्हतं. रात्री अकराला मी सीएचएच्या पोराला नंबर टाईप करून पाठवला, घाईत ६ च्या जागी ९ गेला. त्यानं फॉर्ममध्ये टाकला की लगेच लाल. मग फोनवर त्यानं सांगितलं की चौकटीतला आकडा हा आधीच्या सगळ्यांचा हिशोब आहे, प्रत्येक अक्षराला किंमत, प्रत्येक जागेला १, २, ४, ८ असा दुपटीचा गुणक, बेरीज करून ११ नं भागायचं, बाकी उरते ती चौकटीत, त्यामुळं मधला एक आकडा चुकला की चौकट सहसा जुळत नाही. आपल्या सातबाऱ्यावर अशी एक चौकट असती तर किती लोकांचे कोर्टाचे चक्कर वाचले असते बाप्पा.

रस्ता थोडक्यात. नांदगाव खंडेश्वरकडून समृद्धीला लागलो. ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ पासून खुला आहे, त्यामुळं पूर्वीसारखी घाटाघाटात कंबर मोडत नाही. ट्रेलरला डिझेलचं जेनसेट लावलेलं, ते रात्रभर घरघर करत रीफरला वीज देत होतं. म्हणजे पुढं इंजिन डिझेलचं, मागं फ्रिजचं इंजिनही डिझेलचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी बंदराच्या हिरव्या विजेचं कौतुक करणार आहे.

आता गेटच्या बाहेर. दीड स्टार दिला आहे, त्यातला एक पार्किंगमधल्या चहावाल्याचा.

तेरा तास. फेब्रुवारी म्हणजे नाशिककडच्या द्राक्षांचा सिझन, जिकडं बघाल तिकडं पांढरे रीफर, सगळ्यांची जेनसेट चालू, सगळ्यांचा धूर, आणि आम्ही त्या रांगेत. कुणी सांगायला नाही की तुमचा नंबर कधी. सीएचएचं पोरगं म्हणे गेट उघडलं की मेसेज येईल, मेसेज आला तो दुसऱ्याच जहाजाचा. संडास होते पण त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही, संध्याकाळी लोकं जेवताना वाचतात. आमचे ड्रायव्हरभाऊ अकोटकडचे, बावीस वर्षं गाडीवर, ते स्टिअरिंगवर पाय टाकून म्हणाले, "काऊन जी, समुद्रातलं जहाज कुठं हाय ते मोबाईलवर दिसते म्हणता, मंग आपण कुठं उभे हाओ ते कोणालेच दिसून नाई रायलं का?"

रात्री तीनला आवाज बंद झाला. घरघर थांबली की माणूस लगेच जागा होतो, तसा झालो. जेनसेटचं डिझेल संपलं. तेरा तासांचा हिशोब कुणी धरलाच नव्हता. रीफरच्या डिस्प्लेवर तापमान वर सरकताना बघणं म्हणजे तापाच्या लेकराजवळ थर्मामीटर घेऊन बसणं. शेजारी निफाडकडची द्राक्षाची गाडी होती, त्या दादांनी नळी टाकून कॅनभर डिझेल काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, म्हणाले एक पेटी खाली पाठवा. पाठवणार आहे. नळीत अडकलेली हवा निघून जेनसेट चालू व्हायला सव्वा तास गेला.

आणि मग गेट. भाऊहो, गेट म्हणजे जादू आहे, खोटं नाही सांगत. कमानीसारखा सांगाडा, त्यावर कॅमेरे, गाडी हळू चालवत पुढं न्यायची, कॅमेरा कंटेनरचा नंबर दोन्ही बाजूनं आणि मागून वाचते, ट्रेलरवरचा टॅग वाचल्या जातो, सील वाचल्या जातं, वजन तिथल्या तिथं. कंटेनरचं खरं वजन जाहीर केल्याशिवाय जहाजावर चढवायचं नाही हा नियम जगभर १ जुलै २०१६ पासून आहे, त्यामुळं आपल्या काट्यावरची पावती आधीच पाठवलेली होती, तीच स्क्रीनवर आली. कुणी खिडकीतून "कागद दाखवा" म्हणालं नाही. दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर, त्यावर ब्लॉक, रांग, मजला, जसा सिनेमाच्या तिकिटावर सीट नंबर. तेरा तास बाहेर आणि दोन मिनिटं गेटवर. गेट-इनपासून रिकाम्या गाडीनं बाहेर पडेपर्यंत ३८ मिनिटं, घड्याळ लावून मोजली.

आतमध्ये मला हेल्मेट, पट्ट्याचं जॅकेट, आणि गाडीतून खाली उतरायचं नाही अशी ताकीद. यार्डात कंटेनरच्या ढिगाऱ्यावर जी रबरी चाकांची उंच क्रेन फिरते तिला आरटीजी म्हणतात, खालून गाडी जाते, वरून ती कंटेनर उचलते. ही पूर्वी पोटात डिझेल इंजिन घेऊन फिरायची, आणि काम असो नसो इंजिन चालूच, आपल्याकडं कुणी ओलीत झाल्यावरही इंजिन बंद करत नाही तसं. मी बघितली ती विजेवरची होती, बाजूला केबलचं भलंमोठं रीळ. आवाज नाही. फक्त टिंग टिंग घंटी. आणि तिची खुबी अशी की कंटेनर वर नेताना वीज खाते, पण खाली सोडताना तीच मोटर उलटी फिरून वीज तयार करते आणि परत लाईनमध्ये देते. मला आजोबांची मोट आठवली. बैल उताराच्या धावेवरून खाली जायचे तेव्हा पाण्याची मोट वर यायची, चढावर परत येताना मोट रिकामी, म्हणजे वजनाचा उपयोग करून घ्यायची अक्कल आपल्याकडंही होती, फक्त तिला केबल नव्हती.

क्रेनच्या केबिनमध्ये माणूस होता. हे मुद्दाम लिहितो कारण गावात सांगितलं तर सगळ्यांनी समजलं की तिथं रोबोटच रोबोट आहेत. आपल्या देशात बरंचसं काम अजून असंच अर्धं-अर्धं आहे. केरळात विळिंजम बंदर आहे, मे २०२५ मध्ये पंतप्रधानांनी देशाला अर्पण केलं, ते अर्ध-स्वयंचलित. तिथं यार्डातल्या क्रेनवर कुणी बसत नाही, दूर खोलीत स्क्रीनसमोर बसून त्या चालवतात, आणि चालवणाऱ्यांत मच्छीमार घरांतल्या मुलीही आहेत. त्याच बंदरात जून २०२५ मध्ये एमएससी इरिना लागलं, एका वेळी २४,३४६ वीसफुटी डबे नेणारं जहाज. याच्याही पुढचं बघायचं तर रॉटरडॅम, तिथं १९९३ पासून विनाड्रायव्हर गाड्या डबे वाहतात, मग २००२ मध्ये हॅम्बुर्गचं आल्टेनवेर्डर, २०१७ मध्ये चीनमधलं छिंगताओ आणि शांघायचं यांगशान. यात एक गंमत आहे ती कुणी सांगत नाही, आल्टेनवेर्डरच्या त्या शहाण्या गाड्या आधी डिझेलवर होत्या, बॅटरी नंतर आली. म्हणजे मशीन आपोआप चालते म्हणून ती स्वच्छ असतेच असं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ब्रोशरमध्ये मात्र एकाच पानावर छापतात.

ड्रायव्हरभाऊंना मी हे सगळं सांगत होतो तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आज नंबर वाचून रायले, उद्या गाडीबी तेच चालवतीन. मंग आमी काय संत्रे तोडाले याचं का तुमच्याकडं?" मी म्हटलं तोडायला माणूस मिळतच नाही, या. हसलो दोघं, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे गोदी कामगार ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन दिवस संपावर गेले होते, पगाराचं लगेच मिटलं, पण मशिनीचा मुद्दा जानेवारीपर्यंत ताणला. तिथं युनियन आहे. आमच्या भाऊंकडं मालकाचा एक फोन नंबर आहे, तोही बहुतेक वेळा बिझी.

आता रीफरची रॅक. इथं मी खरंच गार पडलो. लोखंडी मजल्यांची रॅक, प्रत्येक मजल्यावर चालायची वाट, प्रत्येक कंटेनरला स्वतःचा प्लग, जेनसेट काढून टाकलं आणि आमचा कंटेनर प्लगला लागला. थ्री फेज, चारशेच्या वर पक्कं व्होल्टेज, हलत नाही डुलत नाही. पूर्वी माणूस कागद घेऊन दर काही तासांनी प्रत्येक डब्याचं तापमान लिहायचा, आता बरेच डबे स्वतःच ऑफिसला कळवतात, काही बिघडलं की अलार्म. आमच्या संत्र्याला जन्मात पहिल्यांदा चोवीस तास थ्री फेज मिळाली ती समुद्राच्या काठावर. झाडावर असताना त्याच संत्र्याला पाणी द्यायला मी रात्री दोनला टॉर्च आणि काठी घेऊन जात होतो, कारण आमच्या फीडरची पाळी तीच.

ही वीज येते कुठून, हा प्रश्न विदर्भातल्या माणसानं नाही विचारायचा तर कुणी. केंद्र सरकारची २०२३ ची हरित सागर नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात बंदरांनी २०३० पर्यंत ६० टक्क्यांवर वीज नवीकरणीय वापरायची आणि निम्मी यंत्रं विजेवर आणायची असं लिहिलेलं आहे. चांगलं आहे. पण यार्ड असते कंटेनरनं भरलेलं, सोलर पॅनल बसणार कुठं, शेडच्या आणि ऑफिसच्या छपरावर, बाकीची सूर्याची-वाऱ्याची वीज बाहेरून विकत घ्यावी लागते. आणि ज्या बंदरानं ती घेतलीच नाही, साध्या ग्रीडवर क्रेन लावली, त्याचा धूर गेला कुठं? चंद्रपूरला. तिथला एकटा वीज प्रकल्प २,९२० मेगावॅटचा, कोळसा आपल्या जमिनीतला, राख आपल्या नदीनाल्यात. तरी मी म्हणतो विजेची क्रेन बरी, कारण रिकामं उभं असताना जळणारं डिझेल तर वाचते, खाली येताना वीज परत मिळते, आणि उद्या ग्रीडमध्ये सोलर वाढलं की क्रेन आपोआप सुधरते, डिझेलचं इंजिन काही आपोआप सुधरत नाही. फक्त "शून्य प्रदूषण" असा बोर्ड लावताना खाली बारीक अक्षरात चंद्रपूर लिहा, एवढंच.

जहाजाचंही तसंच. धक्क्याला लागलेलं जहाज बंद नसते, आतले दिवे, पंप, शेकडो रीफर, सगळ्यांसाठी त्याचं छोटं इंजिन धूर काढत राहते. त्याला किनाऱ्यावरून केबल देऊन इंजिन बंद करायचं तंत्र आहे. कॅलिफोर्नियात २०१४ पासून कंटेनर जहाजांना टप्प्याटप्प्यानं तसं करणं भाग पाडलं, युरोपात मोठ्या बंदरांवर २०३० पासून. अडचण अशी की जहाजांवर बहुतेक ६० हर्ट्झची वीज आणि आपली ५० ची, मधे महागडा कन्व्हर्टर लागते. मी ज्या दिवशी होतो त्या दिवशी आमच्या जहाजाच्या धुरांड्यातून धूर येत होता, त्यामुळं अर्धा स्टार कापला.

विजेच्या ट्रकचं पण सांगून टाकतो, गावात विचारतात. न्हावा शेवाला सप्टेंबर २०२५ मध्ये ५० विजेचे ट्रक एकदम रस्त्यावर आणले, बॅटरी बदलून घ्यायची सोय असलेले, म्हणजे चार्जिंगला तासन्‌तास उभं राहायचं काम नाही. बंदराच्या आसपासच्या फेऱ्यांना हे एकदम बरोबर. आमच्या सात-आठशे किलोमीटरला मात्र सध्या तरी डिझेलच. माझ्या संत्र्याचा यार्डातला मुक्काम तेवढा हिरवा आणि त्याआधीचा सगळा रस्ता काळा, असा हिशोब.

मला जे खटकलं ते हे. यार्ड, क्रेन, गेट, सगळीकडं मशीन लागली कारण जहाजाचा तास महाग आहे, आणि तो तास कुणीतरी रुपयात मोजून ठेवला आहे. पार्किंगमधला माझा तास, ड्रायव्हरभाऊंचा तास, निफाडच्या दादांचा तास कुणाच्या हिशोबात नाही, म्हणून तिथं साधी टोकनची मशीनसुद्धा नाही. आपल्या तालुक्याच्या बँकेत टोकन मशीन आहे. गाडी निघायच्या आधीच ठरलेली वेळ द्यायची पद्धत जगात बऱ्याच बंदरांत आहे, त्याला काही रोबोट लागत नाही.

ज्यांना पाठवायचं आहे त्यांच्यासाठी: जेनसेटची टाकी पूर्ण भरून घ्या आणि चोवीस तासांचं डिझेल वेगळं ठेवा, गाडीवाला "लागत नाही" म्हणेल, ऐकू नका. रीफरच्या हवेची खिडकी किती उघडी ठेवायची ते भरायच्या आधी लिहून घ्या, संत्रं श्वास घेते, पूर्ण बंद केली की आत कोंडते. घरी आल्यावर कंटेनर नंबर लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या साईटवर टाकला की कुठल्या गेटमधून कधी गेला ते दिसते, २०१६ पासूनची ही सोय आहे, फुकट आहे, आमच्या ग्रुपमधले दोघं तर दिवसातून दहादा बघायचे, जहाज निघून गेलं तरी.

दुबईच्या खरेदीदारानं माल बरा उतरला म्हणून कळवलं, थोड्या पेट्यांत नरम फळ निघालं त्याचे पैसे कापले. आणि डेटा लॉगरचा ग्राफ पाठवला. मी तो प्रिंट काढून पॅकहाऊसच्या भिंतीवर चिकटवला आहे. बंदरात आणि जहाजावर रेघ सरळ, जशी पट्टी ठेवून ओढलेली. त्याआधी दोन टेकाडं. पहिलं आपल्या प्री-कूलिंगच्या खोलीतलं, दुसरं पार्किंगमधलं रात्री तीनचं. पहिल्या टेकाडासाठी नवीन ट्रान्सफॉर्मरचा अर्ज दिला आहे, पोच पावती फाईलला लावली. दुसऱ्यासाठी अर्ज कुठं द्यायचा म्हणून सीएचएच्या पोराला विचारलं, तर त्यानं हात जोडल्याचा इमोजी पाठवला.